माळ्यावर खोली काढताना : रायपूरच्या घरांचा आढावा

मुलं मोठी होतात, सून येते, कोणी घरून काम करू लागतं. घर मात्र तेवढंच राहतं. १ नोव्हेंबर २००० रोजी रायपूर छत्तीसगढची राजधानी झालं, तेव्हापासून शहरातली जागा महागच होत गेली. अशा वेळी वरच्या अडगळीकडे लक्ष जाणं साहजिक आहे. तात्यापारा, बूढापारा, ब्राह्मणपारा, पुरानी बस्ती या जुन्या भागांत अजून काही खापरांची घरं तग धरून आहेत. त्यांच्या माळ्यावर पितळी भांडी, मोडके पाळणे आणि जुन्या वह्या पडून असतात. ‘एवढी जागा फुकट जाते, तिथे खोली का काढू नये?’ हा प्रश्न मग घरोघरी निघतो, आणि ‘मिस्त्री कशाला, आपणच करू’ हा त्याचा पुढचा भाग असतो.

या दोन्ही प्रश्नांची तयार उत्तरं सध्या परदेशी व्हिडिओंमधून मिळतात. तिथे दोघं नवराबायको चार शनिवार-रविवारांत छपराखाली देखणी शयनखोली उभी करताना दिसतात. पण ते घर बहुधा इंग्लंडचं असतं. तिथलं छप्पर उभ्या उताराचं, प्रश्न थंडीचा, आणि ठरावीक घनफळापर्यंत, म्हणजे रांगेतल्या घराला ४० आणि सुट्या घराला ५० घनमीटरपर्यंत, छपराची जागा वाढवायला स्वतंत्र नियोजन परवानगीही बहुतेक ठिकाणी लागत नाही. रायपूरला यातलं काहीच लागू नाही. इथे उतार कमी, ऊन भयंकर आणि नियम वेगळे. म्हणून हा आढावा इथल्या घरांपुरता.

तीन घरं, तीन प्रश्न

पहिला प्रकार खापरांच्या घराचा. जाड मातीच्या किंवा विटांच्या भिंती, त्यांवर सरईच्या, म्हणजे सालाच्या, मयाली (तुळया), मयालींवर फळ्या किंवा बांबू, त्यावर मातीचा थर, आणि त्याच्या वर मोकळी हवा सोडून खापरांचं छप्पर. इकडे या माळ्याला पटाव म्हणतात. विदर्भातल्या कवेलूच्या घरांशी त्याचं जवळचं नातं आहे. कोकणातल्या माळ्याशी थोडं लांबचं.

दुसरा प्रकार गेल्या चाळीस-पन्नास वर्षांतल्या स्लॅबच्या घरांचा. खोलीची उंची दहा-अकरा फूट, आणि स्वयंपाकघरावर किंवा न्हाणीघरावर काढलेली टांड किंवा दुछत्ती. तिसरा प्रकार गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीचा. तो खऱ्या अर्थाने पोटमाळा नव्हे. पण माळा जमत नाही असं दिसलं की बहुतेक घरं याच वाटेला लागतात, म्हणून तोही विचारात घ्यायला हवा.

उंचीने निम्मे बेत तिथेच संपतात

राष्ट्रीय बांधकाम संहिता (२०१६) राहत्या खोलीला किमान २.७५ मीटर, म्हणजे साधारण नऊ फूट उंची मागते. उतरत्या छपराखाली ही उंची सरासरीने धरतात. दोन मजल्यांच्या मधल्या अर्ध्या मजल्याला, ज्याला मेझनीन म्हणतात, किमान २.२ मीटर उंची लागते. तो राहण्यासाठी असेल तर क्षेत्र निदान ९.५ चौरस मीटर हवं, आणि असे सगळे अर्धे मजले मिळून जोत्याच्या क्षेत्राच्या एक तृतीयांशाहून जास्त होता कामा नयेत. सामानाच्या पोटमाळ्याची उंची उलट जास्तीत जास्त दीड मीटर, आणि त्याच्या खाली २.२ मीटर मोकळी जागा राहायला हवी.

हे आकडे आपल्या घराला लावून पाहू. स्लॅबची खोली अकरा फूट, म्हणजे ३.३५ मीटर उंच आहे. खाली २.२ मीटर सोडले, तळाच्या जाडीला दहा सेंटिमीटर दिले, की वर उरतो १.०५ मीटर. तिथे गाद्या, बॅगा आणि दिवाळीचं सामान छान राहील, एखादं मूल झोपेलही. पण ती खोली होणार नाही. खाली-वर दोन्हीकडे २.२ मीटर मिळायचे तर मूळ खोली किमान साडेचार मीटर, म्हणजे पंधरा फूट उंच हवी. मुंबईत चौदा फुटांच्या मर्यादेत दोन मजले बसवणाऱ्या वस्त्या आहेत, बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोल्यांतही माळे निघाले. पण ती गरज होती. तिला नमुना मानायचं कारण नाही.

खापरांच्या घराचं गणित आणखी कडक आहे. वीस फूट रुंदीच्या घराला तीस अंशांचा उतार असेल, तर वळचणीपासून आढ्यापर्यंत उंची वाढते जेमतेम १.७६ मीटर. भिंत माळ्याच्या तळापासून दोन फूट वर गेलेली असली तरी आढ्याखाली मिळतात २.३५ मीटरच्या आसपास, आणि दोन मीटरहून जास्त उंचीचा भाग हा मधला सव्वा मीटर रुंद पट्टा. म्हणजे एक माणूस सरळ चालेल, दुसरा वाकून. छप्पर उचलल्याशिवाय तिथे कायद्याने राहती खोली होत नाही. बसून करायच्या कामाची किंवा साठवणीची जागा होते. हे टेप घेऊन पहिल्याच दिवशी मोजलं तर पुढचे सहा महिने वाचतात.

ऊन : रायपूरचा मुख्य प्रश्न

रायपूर २१ अंश १५ मिनिटांच्या आसपास अक्षांशावर आहे. म्हणून मेच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैच्या मध्याला भर दुपारी सूर्य जवळजवळ नेमका डोक्यावर येतो. भिंतीवरचं ऊन सज्जा अडवतो. छपरावरचं ऊन अडवायला वर दुसरं काही नसतं. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर सहज जातो, आणि पत्रा त्याहून कितीतरी जास्त तापतो.

जुन्या घराने यावर उपाय शोधलेला होता : माळा रिकामा ठेवायचा. खापरांमधल्या फटींतून गरम हवा निघून जायची, खालच्या मातीच्या थरात उष्णता शिरायला संध्याकाळ व्हायची. माळा ही खालच्या खोलीची छत्री होती. आपण तिथे राहायला जायचं म्हणतो, तेव्हा आपण त्या छत्रीच्या कापडात राहायला जातो. म्हणून माळ्याला आधी स्वतःचं संरक्षण द्यावं लागतं, आणि तेही असं की खालची खोली उघडी पडू नये.

त्याची रीत अशी. आधी खापरं फेरून घ्यायची, फुटकी बदलायची, कारण ओल लागली की कोणताही उष्णतारोधक थर निकामी होतो. मग वाशांच्या खालून निदान पाच सेंटिमीटरची हवेची पोकळी सोडून रॉकवूल किंवा ग्लासवूलचा थर, आणि त्याच्या खाली जिप्सम किंवा सिमेंट बोर्ड. पोकळीला वळचणीशी हवा आत येण्याची आणि आढ्याशी बाहेर जाण्याची वाट हवी, आणि दोन्ही ठिकाणी बारीक जाळी, नाहीतर वटवाघळं आणि उंदीर मुक्कामाला येतात. थर्मोकोल स्वस्त आहे, हलका आहे, पण पेट घेतो आणि त्याचा धूर घातक असतो. छपराखाली, विजेच्या तारांच्या शेजारी तो उघडा लावू नये.

स्लॅबच्या घरात थर स्लॅबच्या वरून द्यावा, खालून नव्हे. खालून दिला तर स्लॅब दिवसभर तापत राहतो. इको-निवास संहितेने (२०१८) निवासी घराच्या छपराला उष्णता पारेषणाची मर्यादा घातली आहे, दर चौरस मीटरला दर अंशामागे १.२ वॉट. उघड्या १५ सेंटिमीटर स्लॅबचा आकडा तीनच्या वर जातो. त्यावर अवघे २५ मिलिमीटर फेसाचे रोधक तक्ते टाकले तर तो एकच्या आसपास येतो, ५० मिलिमीटरला ०.६ च्या जवळ. वर जलरोधक थर आणि पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी केली की निम्म्याहून अधिक लढाई जिंकली. एवढं केल्यावर कदाचित असंही लक्षात येईल की खालच्याच खोल्या आता पुरेशा सुखाच्या झाल्या.

कूलरवर भरवसा ठेवणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. मेमधल्या कोरड्या हवेत तो चालतो, जुलैच्या दमट हवेत नुसता घाम वाढवतो. आणि साठ लिटर पाण्याचा कूलर म्हणजे साठ किलो पाणी अधिक त्याचं स्वतःचं वजन, तेही माळ्याच्या एका कोपऱ्यात.

वजन : न दिसणारा हिशोब

भारतीय मानक ८७५ नुसार राहत्या खोलीचा तळ दर चौरस मीटरला २०० किलो वजन पेलू शकेल असा धरतात, वापरातली गच्ची १५०, आणि ज्यावर कोणी जात नाही असं छप्पर ७५. माळ्याची खोली करायची म्हणजे तळाला तिसऱ्या किंवा दुसऱ्या वर्गातून पहिल्यात चढवायचं.

खापरांच्या घरात या हिशोबाला एक गमतीचं वळण आहे. पटावावर चार इंच मातीचा थर असेल, तर त्याचंच वजन दर चौरस मीटरला सुमारे १७० किलो भरतं. दहा बाय बाराच्या खोलीवर ते होतं जवळजवळ एकोणीसशे किलो. म्हणजे ती सरईची मयाल कित्येक दशकं एवढं ओझं निमूट वाहते आहे. माती काढून टाकली तर माणसांसाठी तेवढी ताकद मोकळी होते, असं वाटणं स्वाभाविक आहे, आणि ते बरंचसं खरंही आहे. पण दोन अटी. मातीबरोबर उन्हाचा आणि आगीचा अडसर जातो, तो दुसऱ्या थराने भरून काढावा लागतो. आणि माती हे पडून राहणारं स्थिर वजन असतं. माणसं चालतात, मुलं उड्या मारतात. म्हणून मयाल आधी तपासावी. जिथे तिचं टोक भिंतीत रुतलं आहे तिथेच ओल आणि वाळवी आधी पोचते. पेचकस टोचून पाहावा, हातोडीने ठोकून आवाज ऐकावा. भरीव ठणका आला तर बरं. पोकळ, दबका आवाज आला तर माती काढण्याआधीच सुताराला बोलवावं.

स्लॅबच्या खोलीत लोखंडी सांगाडा टाकायचा झाला, तर रायपूरसारखं सोपं गाव नाही. उरला-सिलतरात रोलिंग मिलच्या रांगा, शेजारी भिलाई. चॅनेल, अँगल, पाइप गल्लीत मिळतो. म्हणूनच मोह होतो, शंभर मिलिमीटरचे चॅनेल टाकले, वर प्लायवूड ठोकला, झालं. बारा फुटांच्या गाळ्यात चार-चार फुटांवर हे चॅनेल टाकले आणि राहत्या खोलीचं पूर्ण वजन धरलं, तर ते तुटणार नाहीत. पण मध्यभागी सुमारे १७ मिलिमीटर वाकतील, आणि मानकानुसार अशा गाळ्याला सुमारे १२ मिलिमीटरपर्यंतच मुभा आहे. म्हणजे खाली टीव्ही बघणाऱ्याच्या डोक्यावर तळ हलत राहील. तिथे दीडशे मिलिमीटरची आय-बीम टाकली तर वाक साडेचार मिलिमीटरवर येतो. त्या बीमचं वजन बारा फुटांना पंचावन्न किलो, दोन माणसांनी उचलण्याजोगं. बळकट असणं आणि न हलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि वेल्डर सहसा पहिलीचीच हमी देतो.

बीम टेकणार कुठे, हाही प्रश्न आहे. साडेचार इंची भिंत बीमसाठी नाही. नऊ इंची भिंतीत निदान १५ सेंटिमीटर टेकू आणि खाली काँक्रीटचा ठोकळा हवा. मातीच्या जुडाईत तर नक्कीच. पायाकडेही बघायला हवं. रायपूरच्या बऱ्याच भागांत कन्हार, म्हणजे काळी चिकण जमीन आहे; ती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपा तडा गेला असेल तर त्याच्यावर काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहावी आणि एक उन्हाळा-पावसाळा थांबावं. काच फुटली तर पाया अजून हलतो आहे. त्या भिंतीवर नवं वजन टाकू नये.

गच्चीवरच्या खोलीला हाच हिशोब उलट दिशेने लागतो. नऊ इंची विटेची तीन मीटर उंच भिंत दर धावत्या मीटरला सुमारे तेराशे किलो भरते. खाली बीम नसताना ती थेट स्लॅबवर उभी करणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. दीडशे मिलिमीटरच्या एएसी, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या, ठोकळ्यांची तीच भिंत तीनशे किलोंच्या आसपास येते. पत्रे बसवताना एप्रिल-मेमधल्या अंधडाची आठवण ठेवावी. रबरी वॉशरचे स्क्रू पन्हळीच्या माथ्यावर, आणि कडेच्या ओळीत दाट.

जिना सगळे विसरतात

आठ फूट चढायला जास्तीत जास्त १९ सेंटिमीटर उंचीच्या तेरा पायऱ्या लागतात, आणि पाऊल ठेवायला २५ सेंटिमीटर धरले तर जिना तीन मीटर, म्हणजे दहा फूट लांब होतो. नव्वद सेंटिमीटर रुंदी धरली तर खालची पावणेतीन चौरस मीटर जागा गेली. वर मिळवलेल्या खोलीतून एवढी वजा करायची. निसणीवर सामान चढवता येतं, रात्री झोपेत उतरता येत नाही. घरात साठीच्या पुढची माणसं असतील तर निसणीची खोली ही फक्त नातवंडांची खोली. जिन्यासाठी स्लॅब किंवा फळ्या कापाव्या लागतात, आणि हे छिद्र कुठे पाडायचं हे मयालींच्या दिशेवर ठरतं, आपल्या सोयीवर नाही. माळ्याच्या खोलीला बाहेर पडायची दुसरी वाट किंवा माणूस निघू शकेल एवढी खिडकीही असावी, कारण आग आणि धूर दोन्ही वर चढतात.

आपल्या हातांनी किती

घरचं माणूस उत्तम करू शकतं अशी कामं बरीच आहेत : मोजमाप आणि नकाशा, झाडलोट, फुटकी खापरं बदलणं, उष्णतारोधक थर, बोर्ड बसवणं, रंग, लाकडाला वाळवीचं औषध, हलक्या फळ्यांचे कप्पे. माळ्याची पहिली झाडलोट तोंडाला चांगला मास्क लावून, पाणी शिंपडून करावी; वटवाघळांची आणि कबुतरांची वाळलेली विष्ठा श्वासात जाऊ देऊ नये. जुने सिमेंटचे पत्रे असतील तर त्यांत ॲस्बेस्टॉस असतो. ते कोरडे कापू नयेत, घासू नयेत, छिद्रं पाडू नयेत. त्याचे तंतू फुप्फुसाला जन्मभर पुरतात.

जी कामं आपली नाहीत त्यांची यादी लहान पण ठाम आहे : बीम, भिंतीचं छिद्र, स्लॅबचं कापकाम, विजेची जोडणी. आणि एक गोष्ट कोणीच करू नये. छपराच्या कैचीचा आडवा दांडा डोक्याला लागतो म्हणून कापणं. तो दांडा दोन्ही वाशांना आणि त्यांच्याखालच्या भिंतींना एकत्र धरून ठेवतो; तो गेला की छप्पर पसरतं आणि भिंती बाहेर ढकलल्या जातात. तारांचं म्हणाल तर दिव्यांना १.५, प्लगला २.५ आणि एसीला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, आणि सगळ्यांच्या मागे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच.

परवानगीचं काय

खिडकी-दार उघडणं किंवा बंद करणं, फॉल्स सीलिंग, पुन्हा कौलं घालणं, फरशी बदलणं, गिलावा, अशा कामांना राष्ट्रीय संहितेनुसार परवानगी लागत नाही. राहता अर्धा मजला, वाढवलेली भिंत, उचललेलं छप्पर किंवा गच्चीवरची खोली यांना लागते. छत्तीसगढात त्यासाठी भूमी विकास नियम १९८४ आणि रायपूर नगर पालिका निगमाची मंजुरी लागते. अनधिकृत बांधकाम नियमित करण्याचा २००२ चा राज्य कायदा आहे, म्हणून ‘आधी बांधू, मग बघू’ असं म्हणणारे भेटतात. तो कायदा दंड घेतो, पण वाकलेला स्लॅब सरळ करत नाही. सदनिकेत राहणाऱ्यांनी सोसायटीची लेखी संमती आधी घ्यावी. शेजाऱ्याशी भिंत सामाईक असेल तर त्याच्याशी बोलणं कायद्याच्याही आधी येतं.

कधी करायचं

पावसाळा जूनच्या मध्यापासून सप्टेंबर अखेरपर्यंत, आणि उन्हाळा मार्चअखेरीपासून. मधला काळ, दसऱ्यानंतर होळीपर्यंत, हा कामाचा. दसऱ्याला नकाशा आणि अभियंत्याचा अभिप्राय, दिवाळीनंतर छप्पर आणि सांगाडा, संक्रांतीपर्यंत वीज आणि थर, होळीच्या आधी रंग. उन्हाळ्यात फक्त एक काम करावं, पण ते आधीच्या वर्षी : मेमधल्या एखाद्या दुपारी तीन वाजता माळ्यावर थर्मामीटर ठेवून अर्धा तास बसून यावं. त्या अर्ध्या तासाने जो निर्णय होतो तो कागदावर होत नाही.

हे सगळं एकत्र पाहिलं तर निकाल स्पष्ट दिसतो. रायपूरच्या साध्या घरात, दहा-अकरा फुटी खोलीत किंवा तीस अंशी खापरांखाली, कायदेशीर आणि बारमाही राहती खोली क्वचितच निघते. साठवणीची नीट जागा, हिवाळ्यात अभ्यासाला बसायचा कोपरा, पाहुण्यांच्या मुलांसाठी झोपायची जागा, हे मात्र सहज निघतं, आणि त्यातलं बहुतेक काम आपल्या हातांनी होतं. पैसे मोजकेच असतील तर ते आधी छपरावर खर्च करा, मग अभियंत्याच्या एका भेटीवर, मग जिन्यावर, आणि उरले तर फर्निचरवर. ज्यांच्याकडे पंधरा फूट उंचीची खोली आहे किंवा छप्पर उचलण्याची परवानगी आहे, त्यांनी खुशाल खोली काढावी. बाकीच्यांनी माळा हा माळाच ठेवावा, आणि तो चांगला करावा.